आत्ताच होता इथं

निवृत्तीला बँकेनं शाल दिली, नारळ दिला,
आणि मी स्वतःला कॅमेरा दिला.
नव्या पेठेतला एक स्टुडिओ बंद होत होता,
तिथून लेन्ससकट उचलला,
पट्ट्याला कुणाच्या तरी तीस लग्नसरायांचा घाम.
मंगल म्हणाली, एवढ्यात पाण्याची टाकी आली असती.
खरंय. आली असती.

आता माझ्याकडे बाराशे फोटो आहेत,
त्यातले नऊशे फांद्यांचे.
नुसत्या फांद्या, किंचित हललेल्या.
जाणकाराला त्या हलण्यावरून कळतं
की आत्ताच इथं कुणीतरी होतं.
बाकीच्यांत बुलबुलाचं बूड, लाल, जरा पुसट,
कुंपणापलीकडे निघालेली भारद्वाजाची शेपूट,
आणि खारीच्या जागी
खारीएवढी हवा.

मागचं अंगण म्हणजे तरी काय, जुळे सोलापुरातलं.
एक शेवगा, एक कढीपत्ता,
मावा लागलेली जास्वंद,
धुण्याचा दगड, दोरी.
सातभाई सव्वासातला येतात,
मोजले की नऊ भरतात,
सोसायटीच्या मीटिंगसारखे सगळे एकदम बोलतात
आणि इतिवृत्त कुणीच लिहीत नाही.
सरडा तेवढा गुणी.
हलत नाही, पैसे मागत नाही,
प्रत्येक कोनाला मान डोलावून हो म्हणतो.
पण त्याचा फोटो कुणालाही दाखवा,
"ई!"

पाणी चार दिवसांआड.
येणार त्या दिवशी पाखरांना आधी कळतं,
व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला नंतर.
पिंप भरून वाहिलं की शिंजीर येतो,
अंगठ्याएवढा, जांभळा, कायम उशीर झालेला,
ओघळाखाली पंख फुलवतो,
आणि नेमकी तेव्हाच आतून हाक,
"अहो, बादल्या लावा!"
एका हातात बादली, एका हातात शिंजीर,
हे मला अजून जमलेलं नाही.

एप्रिलच्या त्रेचाळीस डिग्रीत एकदा
डोक्यावर ओला पंचा, स्टुलावर मी.
भिंतीवरून चिलवेरीकाकू,
"काय करालाव ओ उन्हात?"
"फोटो काढालोय."
"कुणाचा?"
"आत्ताच होता इथं."
"बरं," म्हणाल्या,
आणि तांब्याभर ताक पाठवून दिलं,
माझ्यासाठी नव्हे, मंगलसाठी,
धीर म्हणून.

मग तो आला. बसला. मी श्वास धरला.
वारा सुटला, दोरीवरची चादर फुगून मधे आली,
खट्.

तो माझा आयुष्यातला पहिला स्वच्छ फोटो.
चादरीवरचा मोर.
पिसन् पीस, धागा न् धागा,
उडाला नाही, लाजला नाही.
मोठा करून चौकटीत घातला, दिवाणखान्यात लावला.
येणारे म्हणतात, वा, नान्नजला गेला होता का?
मी हो-नाही असं काहीतरी खोकतो.

चिलवेरीकाका मात्र फोटोपुढं उभेच राहिले.
चष्मा कपाळावर, नाक काचेला.
म्हणाले, "हा आमच्या मागावरचा."
(तसं ते सोलापुरातल्या कुठल्याही चादरीला म्हणतात.)
मग नखानं दाखवलं,
"पायापाशी बघा. ही आडवी पट्टी दिसते का?
लाईट गेलती. माग थांबला, परत चालू केला, तिथं दाटलंय.
इतकी वर्षं कुणाला दिसलं नव्हतं."
मी म्हणालो, कॅमेरा चांगला आहे.
ते म्हणाले, "कशाला एवढा चांगला घेतलाव?"

चहा न पिताच मागे गेले.
चादर उन्हात तशीच होती.
क्लिपा काढल्या, झटकली,
आणि रंग उडू नये म्हणून
मोर आतल्या बाजूला करून
उलटी वाळत घातली,
टोकाला टोक जुळवून, हातानं सपाट करत.

शेवग्यावर तेव्हा शिंजीर होता.
निवांत. चांगली दोन मिनिटं.
कॅमेरा गळ्यात होता माझ्या.
बॅटरी संपली होती.